डावं की उजवं

"गाडी थांबव," मामा म्हणाले.

मी दचकून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वळसंगहून सोलापूरकडे येत होतो. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मामांनी काच पूर्ण खाली केली, मान जराशी वाकडी करून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आता निघ. सावकाश वेग वाढव. आणि बोलू नको."

मी बोलतच नव्हते. मामांबरोबर असताना फारसं कुणी बोलत नसे.

मामा म्हणजे माझे सासरे, राजमल्लू येमूल. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची अठरा जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे यंत्रांच्या एका खात्याचा मुकादम आणि कारागीर, दोन्ही. गिरणी बंद पडली आणि मामा घरी बसले ते बसलेच. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर खुर्ची. सासूबाई गेल्यावर तर दिवसाकाठी दहा वाक्यंसुद्धा होत नसत. नवरा भिवंडीत, मुलगी पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघंच. मी वळसंगच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि नवऱ्याने घेऊन दिलेल्या जुन्या छोट्या गाडीने जायचे-यायचे. त्या दिवशी सव्वीस जानेवारी होती, दोन हजार सहा साल. मामांचा एक चुलतभाऊ वळसंगला आजारी होता, म्हणून झेंडावंदनाला जाताना मी त्यांना सोबत घेतलं होतं.

वेग चाळीसवर गेला. "ऐक," मामा म्हणाले.

"काय ऐकू?"

"ऐक म्हणजे कळेल."

पन्नासला मला एक आवाज ऐकू आला. दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर. इंजिनाच्या आवाजाखाली दडलेली. मी वेग वाढवला तशी तीही चढली, कमी केला तशी उतरली. आणि एकदा कानात शिरल्यावर जाईना. मला वाटलं, ही रोजच होती की काय? रोज या आवाजात बसून मी शाळेत जात होते?

"न्यूट्रल कर."

मी केलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. घरघर तशीच राहिली.

"इंजिन नाही," मामा म्हणाले. "चाक आहे. बेअरिंग." आणि माझ्याकडे वळून चक्क हसले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती माझ्या. मामांचे पुढचे दात इतके सारखे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येईपर्यंत ते बोलत होते. बेअरिंग म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन पोलादी कड्या, मध्ये गोळ्या, गोळ्यांना ग्रीस. चाक फिरतं ते त्या गोळ्यांवर. ग्रीस आटलं, पाणी शिरलं, की कड्यांच्या गुळगुळीत अंगावर आधी देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात. गोळ्या त्यावरून धावल्या की घरघर. मग घरघरीची खरखर होते. मग गरम होतं, मग एके दिवशी अडकतं. "अडकलं की?" मी विचारलं. मामांनी समोर रस्त्याकडे बघितलं. "चाक जागचं हलतं," एवढंच म्हणाले.

सोमवारी मला तुळजापूरला जायचं होतं. विज्ञान प्रदर्शनाला आठवीच्या चार मुली आणि त्यांची पत्र्याची पवनचक्की घेऊन, याच गाडीने. तुळजापूरचा घाट काही मोठा नाही, पण वळणं आहेत. चार घरच्या आईबापांनी माझ्या भरवशावर हो म्हटलं होतं.

"सोमवारच्या आत काम करायला पाहिजे," मी म्हणाले.

"आधी कोणतं चाक ते शोधायला पाहिजे," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मामा शर्ट-पँट घालून ओट्यावर तयार. आम्ही गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात गेलो. मी वहीत तक्ता आखून आणला होता, अगदी वर्गात आखते तसा. मामांनी तो बघितला आणि वही स्वतःच्या मांडीवर घेतली. मी गाडी चालवायची, त्यांनी लिहायचं. तीसला आवाज नाही. चाळीसला सुरू. पन्नासला स्पष्ट. मग मी एक युक्ती सुचवली. बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलतो, तसं गाडीचंही होतं. डाव्या वळणावर वजन उजव्या चाकांवर येतं आणि उजव्या वळणावर डाव्या. ज्या चाकाचं बेअरिंग गेलंय, त्याच्यावर वजन पडलं की ते जास्त ओरडणार.

"बघ करून," मामा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

मी मैदानात सापासारखी वळणं घेत गाडी नेली. डावीकडे वळताना घरघर वाढायची. उजवीकडे वळताना जवळजवळ बंद व्हायची. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

"म्हणजे उजवं चाक," मी म्हणाले. "पुढचं उजवं. माझ्या बाजूचं."

मामांनी मान हलवली. "डावं आहे."

"पण मामा, डावीकडे वळताना वाढतोय ना आवाज?"

"वजनाचं ते तुझं पुस्तकातलं. मी कानाने ऐकतोय. आवाज इथून येतोय." त्यांनी स्वतःच्या बाजूच्या दारावर बोटाने टकटक केलं. "एकतीस वर्षं ऐकलंय मी. आख्खं खातं मला विचारायला यायचं. साहेबसुद्धा."

वहीत तक्ता होता. मला तो त्यांच्या समोर धरता आला असता. पण इतक्या वर्षांनी माणूस बोलायला लागला होता, आणि ते वाक्य म्हणताना त्यांची पाठ इतकी ताठ झाली होती, की मी गप्प बसले. वाटलं, असेल बुवा. आपण बेअरिंग कधी बघितलंय?

शनिवारी अर्धा दिवस शाळा. दुपारी आम्ही दस्तगीरच्या गॅरेजवर गेलो. दस्तगीर पस्तिशीचा, अंगाने आडवा, हात सतत पुसत राहणारा माणूस. त्याने गाडी चालवून पाहिली आणि आल्या आल्या म्हणाला, "बाई, टायर आहेत हे. आतल्या बाजूने झिजलेत बघा. झिजलेला टायर अस्साच ओरडतो."

"मग पुढचे मागे घाल आणि मागचे पुढे," मामा म्हणाले. "टायर असेल तर आवाज मागे जाईल."

दस्तगीरला ते पटलं. अदलाबदल करून तो पुन्हा चक्कर मारून आला. आवाज पुढेच होता. त्याने मामांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "चाचा, कुठे होतात तुम्ही कामाला?"

मग गाडी जॅकवर चढली. दस्तगीरने एकेक पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवून पाहिलं. "खेळ नाही कशातच. हात लावून बघायला पाहिजे." त्याने मला जवळ बोलावलं. चाकामागच्या जाड स्प्रिंगवर एक हात ठेवायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना लागते. मी हात पुढे करणार तोच मामा पुढे झाले. गुडघ्यावर बसले, डाव्या चाकाच्या स्प्रिंगवर पंजा ठेवला आणि चाक फिरवलं.

"हे बघ. थरथरतंय."

"उजवं पण बघा की चाचा."

"गरज नाही. हेच आहे."

दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

काम बघण्यासारखं होतं. चाकाच्या मधला मोठा नट सोडवायला दस्तगीरने पान्याला हातभर लांबीचा पाइप जोडला आणि त्याच्यावर सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. ब्रेकचा भाग काढून तारेने वर टांगून ठेवला, नळीवर ताण नको म्हणून. मग बेअरिंग ज्यात बसवलेलं असतं तो ओबडधोबड लोखंडी तुकडाच काढून हाताने दाबायच्या प्रेसखाली ठेवला. आतली अटकाव-रिंग चिमट्याने काढली. दांडा ओढत गेला तसा कडकड आवाज होऊन जुनं बेअरिंग निघालं, कड्या वेगळ्या, गोळ्या वेगळ्या. नवं बसवताना मामा अगदी जवळ जाऊन उभे राहिले. "बाहेरच्या कडीवरच दाब. आतल्या कडीवर दाबलंस तर बसवतानाच मारशील त्याला."

"माहितीये चाचा," दस्तगीर हसून म्हणाला, "पण सांगा तुम्ही. बरं वाटतं ऐकायला."

निघताना मामांनी जुन्या बेअरिंगचे तुकडे मागून घेतले आणि पेपरमध्ये बांधले.

घरी येताना मी कान देऊन ऐकत होते. रस्त्यावर गर्दी होती, चाळीसच्या वर जाताच आलं नाही. "गेला ना?" मामांनी विचारलं. "गेलासा वाटतोय," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला ठरवता येत नव्हतं. मला तो गेलेला हवा होता.

चारच्या सुमाराला मागच्या अंगणातून रॉकेलचा वास आला. खिडकीतून पाहिलं तर मामा पाटावर बसले होते. समोर वाटीत रॉकेल. बेअरिंगच्या कड्या धुऊन फडक्यावर मांडलेल्या. एक कडी हातात घेऊन ते तिच्या आतून अंगठ्याचं नख फिरवत होते. पूर्ण गोल. मग पुन्हा. मग दुसरी कडी. मग उन्हात धरून. मी कणीक मळली, भाजी चिरली, वर्गाच्या वह्या तपासायला घेतल्या. तास उलटून गेला असेल. ते तिथेच होते.

साडेपाचला ते स्वयंपाकघराच्या दारात आले. कधी येत नसत.

"रेणुका."

"काय मामा?"

"मी चुकलो."

मला पटकन कळलंच नाही. त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर ती कडी होती. "नख फिरवून बघ."

मी फिरवलं. काचेच्या बांगडीतून फिरावं तसं नख सरकत गेलं. कुठेही अडलं नाही.

"चांगलं होतं हे. नव्यासारखं. आपण चांगलं काढून टाकलं. खराब उजवं आहे. तू म्हणाली होतीस ते."

"असू दे मामा. होतं असं. उद्या दस्तगीरला सांगू."

"असू दे नाही." ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "तू खाली बघितलंस तिथे. मी बघत होतो. तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस. माझ्यामुळे. परवा चार पोरी घेऊन त्या चाकावर घाटात गेली असतीस."

मी त्यांना पाटावर बसवलं. ते बसले आणि आपल्या उजव्या कानावर हात ठेवून म्हणाले, "हा बंद आहे. तीस वर्षं झाली असतील. गिरणीने खाल्ला. कुणाला सांगितलं नाही. एकाच कानाने ऐकणाऱ्याला प्रत्येक आवाज त्याच बाजूने येतो, रेणुका. मला सगळं जग डावीकडूनच ऐकू येतं."

मग त्यांनी मला गिरणीतली एक गोष्ट सांगितली. आम्ही घरात तेलुगू-मराठी मिसळून बोलतो. मी इथे सरळ मराठीत सांगते.

एकोणऐंशी साल. दुपारची पाळी. मामांच्या खात्यात सायबण्णा नावाचा तेलवाला होता, यंत्रांना तेल-ग्रीस देणारा. तरुण, दोन वर्षांपूर्वी लागलेला. तो मामांकडे येऊन म्हणाला, जॉबर, सहा नंबरच्या मशीनचं मोठं बेअरिंग घरघरतंय, खिडकीकडच्या टोकाचं. मामा गेले. चारचौघं जमले होते, जॉबर कसं ऐकतो ते बघायला. बेअरिंग तपासायची रीत म्हणजे लोखंडी सळईचं एक टोक त्याला लावायचं आणि दुसरं कानाला. मामांनी सळई मागितलीच नाही. दार डाव्या हाताला ठेवून नुसतं मध्ये उभं राहून ऐकलं आणि सांगितलं, दाराकडचं टोक. सायबण्णा म्हणाला, जॉबर, खिडकीकडचं. मामा म्हणाले, तुला तेल द्यायला ठेवलंय का ऐकायला? सगळे हसले.

"दाराकडचं बदललं. जुनं मी घरी आणलं, धुतलं, नख फिरवलं." मामांनी हातातल्या कडीवर अंगठा ठेवला. "असंच होतं. गुळगुळीत."

"मग?"

"मग काय. बुधवार होता. म्हटलं, रविवारी खातं बंद असतं. गुपचूप येऊन दुसरं टोक बदलू. कुणाला कळायला नको. शुक्रवारी ते अडकलं. तापलं, लाल झालं. खाली सांडलेला कापूस, वर हवेत कापसाची धूळ. भडका उडाला. सायबण्णाने हातांनी कापूस ओढून बाजूला केला, म्हणून आग एका मशीनवर थांबली. दोन्ही तळवे भाजले त्याचे. मशीन मात्र पूर्ण जळालं, कोणतं टोक अडकलं ते कुणालाच सांगता येईना."

अंगणात चिमण्या ओरडत होत्या. मामांनी रॉकेलचा हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला.

"चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, बेअरिंग परवाच बदललं होतं ना? मी म्हणालो, हो. मग अडकलं कसं? मी म्हणालो, ग्रीस नसेल दिलं." त्यांनी कडी जमिनीवर ठेवली. "एवढंच म्हणालो. बाकीचं त्यांनीच लिहिलं. पाळीवर झोपला, तेल दिलं नाही, निष्काळजीपणा. त्याला काढून टाकला. माझ्या कानाचं नाव तसंच राहिलं."

रविवारी दस्तगीरने आमच्यासाठी गॅरेज उघडलं. मामा त्याला सगळ्यांत आधी म्हणाले, "काल मी चुकलो. चांगलं बेअरिंग काढायला लावलं. आज उजवं कर. आणि आधी बाईला हात लावून बघू दे."

मी जमिनीवर बसले, उजव्या चाकाच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली, चाक फिरवलं. काय सांगू? जात्यात एखादा खडा गेल्यावर खुंट्यातून हाताला जे लागतं, तसं. मग डाव्याला हात लावला, तर काहीच नाही, पाण्यासारखं. काल मामांच्या हाताला जे थरथरल्यासारखं लागलं, ते त्यांच्या वयाचं होतं.

बेअरिंग निघालं तेव्हा आतून तांबूस चिखलासारखं ग्रीस आलं. दस्तगीरने कडी पुसून माझ्या हातात दिली. नख चार बोटांवर अडलं. पुन्हा अडलं. कडीच्या अंगावरून पोलादाचा पापुद्रा सुटला होता, नखाएवढा. दस्तगीरने जीभ टाळूला लावून आवाज काढला. "बाई, घाटात नका विचारू काय झालं असतं. मी पण काल ऐकायला पाहिजे होतं स्वतः. चाचांना बघून गप्प बसलो."

म्हणजे आम्ही दोघंही गप्प बसलो होतो. मी आणि तो.

नवं बेअरिंग बसलं, नवा नट आवळून त्याची कड ठोकून बसवली, चाक चढलं. मी मोकळ्या रस्त्यावर गाडी साठपर्यंत नेली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. टायरचा रस्त्याला घासणारा आवाज आणि वारा, बस. इतकी शांतता त्या गाडीत असते हे मला माहीत नव्हतं.

"गेला," मी म्हणाले.

"हो," मामा म्हणाले. मग म्हणाले, "कुंभारीला नेशील का? विडी घरकुलात."

मी विचारलं नाही कुणाकडे. फक्त विचारलं, "पत्ता माहितीये?"

"माहितीये. दोनदा बसने गेलोय. थांब्यावर उतरलो आणि परतीच्या बसने आलो."

विडी कामगारांची ती वसाहत. घरं सगळी सारखी, एका खोलीची, पुढे ओटा. ओट्यावर बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. मामांनी दोन गल्ल्या ओलांडल्या आणि एका दारापुढे थांबले. आत खाटेवर एक माणूस रेडिओच्या पोटात डोकं घालून काहीतरी दुरुस्त करत होता. केस पूर्ण पांढरे. त्याने वर पाहिलं. उठून उभा राहिला, सवयीने उभा राहावा तसा.

"जॉबर?"

"सायबण्णा."

"या की. बसा. कुणी वारलं का?" माणूस कशासाठी येईल याचं तेवढंच कारण त्याला सुचलं असावं.

मामा बसले नाहीत. ओट्याच्या कडेला त्याची बायको विड्या वळत होती. निंगव्वा तिचं नाव, नंतर कळलं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात चालूच ठेवले.

"सहा नंबरचं," मामा म्हणाले. "दाराकडचं बेअरिंग मी बदललं, ते चांगलं होतं. मी घरी नेऊन बघितलं. बुधवारीच कळलं मला. खराब खिडकीकडचं होतं."

सायबण्णाच्या हातात बारीक पेचकस होता. तळव्यांची कातडी अजून चकचकीत, ओढल्यासारखी दिसत होती.

"खिडकीकडचं?" त्याने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मी म्हणालो होतो," सायबण्णा म्हणाला. रागाने नाही. एखादं गणित फार वर्षांनी जुळावं तसा. तो खाटेवर बसला. "मी किती वर्षं विचार केला, जॉबर. म्हटलं, जॉबर चुकणार नाही. म्हणजे मलाच ऐकू चुकलं असेल. मग दाराकडचं नवीन बेअरिंग का अडकावं? ग्रीस तर मी दिलं होतं. दोन्ही टोकांना दिलं होतं. हाताने भरलं होतं. मला कोडं सुटायचंच नाही. शेवटी मलाच वाटायला लागलं, दिलं नसेल बहुतेक. डोळा लागला असेल."

"तू झोपला नव्हतास," मामा म्हणाले. "मी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं ते कानाचं सांगतील.

"लोकांसमोर चुकलो असतो म्हणून," मामा म्हणाले. "दुसरं काही कारण नाही."

निंगव्वाचे हात थांबले होते. सुपात अर्धी वळलेली विडी उलगडत होती. ती मामांशी बोलली नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," सायबण्णा म्हणाला. "पहिल्याच दिवशी. हाताला पट्ट्या होत्या तेव्हा. तू म्हणालीस, साहेब काय खोटं लिहितात का?"

तिने सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती त्याच्या हातांकडे बघत होती, जणू कुणी आत्ताच ते तिच्यासमोर आणून ठेवलेत. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. सत्तावीस वर्षं एका घरात काढलेल्या दोन माणसांमधलं ते होतं. तिथे उभं राहायलाही मला संकोच वाटला. मी मामांच्या बाहीला हात लावला, निघायचं का म्हणून.

तेवढ्यात निंगव्वा उठली. पदर खोचला, ओट्याच्या टोकाशी गेली आणि गल्लीत हाका मारायला लागली. शेजारच्या ओट्यावरच्या बायकांना, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याला, नळावरच्या दोघींना. प्रत्येकाचं नाव घेऊन. "या गं. इकडे या. काका, तुम्हीपण या. याला झोपाळू म्हणणारे सगळे या."

माणसं जमली. मांडीवरची सुपं कडेवर घेऊनच बायका आल्या. बारा-पंधराजण झाले. सायबण्णा आतून म्हणत होता, "जाऊ दे गं, कशाला," पण उठला नाही.

निंगव्वाने आतून एक लोखंडी खुर्ची आणून ओट्याच्या मधोमध ठेवली आणि पहिल्यांदा मामांकडे सरळ पाहिलं.

"आता परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि मोठ्याने."

मामा खुर्चीवर बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, घसा खाकरला आणि नाव, खातं, साल असं सगळं सांगत पहिल्यापासून सुरुवात केली. मध्ये एकदा मागे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, ऐकू आलं नाही. मामा थांबले आणि तेवढं वाक्य पुन्हा म्हणाले.